नुसती प्रदक्षिणा?

आषाढीच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि समाधानाने माघारी फिरतो. त्याची वारी उणी राहिली असे कोणी म्हणत नाही. चंद्राच्या वाटेवर गेलेल्यांच्या बाबतीत लोक इतके उदार नाहीत. नील आर्मस्ट्राँग शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. फ्रँक बोरमन, जेम्स लॉव्हेल आणि विल्यम अँडर्स ही नावे घेतली की समोरचा ‘हे कोण?’ असा चेहरा करतो. डिसेंबर १९६८ मध्ये हे तिघे अपोलो ८ मधून चंद्रापर्यंत गेले, त्याला दहा फेऱ्या घातल्या आणि न उतरता परतले. पुढच्या मे महिन्यात थॉमस स्टॅफर्ड, जॉन यंग आणि यूजीन सर्नन यांनी अपोलो १० मधून एकतीस फेऱ्या घातल्या. तेही उतरले नाहीत. म्हणून या दोन्ही मोहिमांची बोळवण ‘रंगीत तालीम’ एवढ्या दोन शब्दांत होते.

त्यांच्यावरचे आक्षेपही ठरलेले आहेत. ही नुसती प्रदक्षिणा होती, खरा पराक्रम उतरण्याचा, असे एक म्हणतो. अपोलो ८ म्हणजे रशियाला मागे टाकण्यासाठी तीन माणसांच्या जिवावर खेळलेला जुगार, असे दुसरा म्हणतो. यंत्रे जे काम आधीच करून बसली होती तेच माणसे पाठवून पुन्हा केले, असे तिसऱ्याचे म्हणणे. गंमत अशी की पुष्कळदा हे तिघे एकच गृहस्थ असतात. मोहीम क्षुल्लकही होती आणि भयंकरही होती, हे दोन्ही एका दमात म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही.

आधी क्षुल्लकपणाचा हिशेब करू. अपोलो ८ सुटेपर्यंत माणूस पृथ्वीपासून जास्तीत जास्त किती दूर गेला होता? १,३६९ किलोमीटर. सप्टेंबर १९६६ मध्ये पीट कॉनराड आणि रिचर्ड गॉर्डन यांनी जेमिनी ११ मधून ही उंची गाठली होती. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जावे, साधारण तेवढे हे अंतर. गागारिनपासून साडेसात वर्षे सगळे अंतराळवीर या रेघेच्या आतच घिरट्या घालत होते. बोरमन आणि मंडळींनी तो आकडा एका उड्डाणात पावणेचार लाख किलोमीटरच्या पलीकडे नेला. आर्मस्ट्राँगच्या अपोलो ११ ने त्यात सांगण्यासारखी भर घातलेली नाही.

पण अंतर ही त्यातली सोपी बाजू. खरी मेख ‘फेरी’ या शब्दात आहे. चंद्राला वळसा घालून येणे वेगळे आणि चंद्राच्या कक्षेत शिरणे वेगळे. यान असे नेमके फेकता येते की चंद्राच्या ओढीने त्याची वाट वाकते आणि काही न करता ते पृथ्वीकडे परत येते. अपोलो ८ याच वाटेने निघाले होते. मुख्य इंजिन वाटेत रुसले असते तरी ते घरी आले असते. कक्षेत शिरायचे, तर चंद्रामागे गेल्यावर ते इंजिन उलट दिशेने पेटवून वेग मारायचा, म्हणजे परतीची ही फुकटची हमी स्वतःच्या हाताने मोडून टाकायची. वीस तासांनी तेच इंजिन पुन्हा पेटले तर पृथ्वी. नाही पेटले, तर प्राणवायू असेपर्यंत चंद्राभोवती फेऱ्या. दुसरे मोठे इंजिन यानावर नव्हतेच.

२४ डिसेंबरला यान चंद्रामागे गेले आणि रेडिओ बंद झाला. इंजिन चार मिनिटे सात सेकंद चालले, ते पृथ्वीवरून कोणी पाहिले नाही, कोणी ऐकले नाही. ते जरुरीपेक्षा जास्त चालले असते, तर यान चंद्रावर जाऊन आदळले असते. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात लोकांचे डोळे घड्याळावर होते, कारण इंजिन पेटलेच नसते तर वेग न घटलेले यान ठरल्या वेळेच्या आधीच चंद्राआडून बाहेर आले असते. तेव्हा त्या मिनिटांत शांतता हीच शुभवार्ता होती. संदेश आला तो गणिताने सांगितलेल्या सेकंदाला. याला नुसती प्रदक्षिणा म्हणायचे, तर मग प्रदक्षिणा या शब्दाचाच अर्थ नव्याने लावावा लागेल.

आता जुगाराचा आक्षेप. हा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो अर्धा खरा आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. १९६७ च्या २७ जानेवारीला जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ च्या यानाला आग लागून गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी मृत्युमुखी पडले होते. त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. सॅटर्न ५ हे प्रचंड रॉकेट तोवर दोनदाच उडाले होते, तेही माणसांशिवाय. दुसऱ्या खेपेला, ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ उड्डाणात, त्याने जवळजवळ सगळे प्रताप करून दाखवले. पहिल्या टप्प्यात अख्खे रॉकेट उभ्या दिशेने गदगदा हलू लागले. दुसऱ्या टप्प्यातल्या पाचपैकी दोन इंजिनांनी मधेच मान टाकली. तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटायला हवे होते, ते पेटले नाही. अशा रॉकेटच्या तिसऱ्याच उड्डाणावर माणसे बसवायची आणि ती थेट चंद्राकडे धाडायची, हे ऐकून कोणाचीही भुवई उंचावेल. बोरमन यांच्या पत्नी सुझन यांनी उड्डाण-संचालनाचे प्रमुख क्रिस क्राफ्ट यांना खोदून विचारले, तेव्हा त्यांनी वाचण्याची शक्यता निम्मी-निम्मी सांगितली होती.

मग याला जुगार का म्हणू नये? कारण जुगारी फासे टाकतो आणि वाट पाहतो. हे लोक बिघाडाच्या मुळाशी जाऊन बसले होते. अपोलो ६ च्या इंजिनांचे काय झाले, याचा शोध हा अभियंत्यांच्या चिकाटीचा नमुना आहे. इंजिन पेटवणाऱ्या ठिणगीकडे द्रव हायड्रोजन नेणारी एक बारीक नळी होती आणि तिच्यात लवचीकपणासाठी भात्यासारखा चुण्यांचा भाग ठेवला होता. जमिनीवरच्या चाचण्यांत ही नळी कधी तुटली नाही. कारण अतिथंड हायड्रोजनमुळे भोवतालची हवा त्या चुण्यांवर गोठून बसायची आणि त्या थराने नळीची थरथर आपोआप दाबली जायची. वर निर्वातात हवाच नाही, म्हणून थर नाही, म्हणून नळी थरथरून तुटली. दोष इंजिनात नव्हता. परीक्षाच नकळत सोपी निघाली होती. बदल म्हणून चुण्या काढून साधी वाकवलेली नळी बसवण्यात आली. दुसरे इंजिन का बंद पडले, त्याची कथा तर अगदी आपल्याकडच्या सरकारी कचेरीत शोभावी अशी. बिघडलेल्या इंजिनाला दिलेला ‘बंद हो’ हा हुकूम तारांच्या अदलाबदलीमुळे शेजारच्या धडधाकट इंजिनाला पोहोचला आणि त्याने तो निमूटपणे पाळला. पहिल्या टप्प्यातल्या हादऱ्यांवर उपाय म्हणून प्राणवायूच्या नळ्यांवरील झडपांच्या पोकळीत हेलियम भरला. त्याने गाडीच्या स्प्रिंगसारखे धक्के शोषून घेतले.

ज्या एका इंजिनावर तिघांचे प्राण टांगलेले होते, त्याची रचनाही मुद्दाम बाळबोध ठेवलेली होती. त्याची दोन द्रव्ये एकमेकांना भेटताच आपोआप पेट घेत, म्हणून ठिणगी नको. हेलियमच्या दाबाने ती पुढे ढकलली जात, म्हणून पंप नको. जे भागच नाहीत, ते बिघडणार कसे?

धोका उरलाच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही, आणि या मोहिमेचे काही भक्त तसे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलतात. अपोलो ८ सोबत चंद्रावर उतरण्याचे यान नव्हते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा माणसे वाचली ती तशाच यानात आसरा घेतल्यामुळे. तसा स्फोट अपोलो ८ वर झाला असता, तर तिघे परतले नसते. आणखी एक योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. अपोलो १३ वर दगा देणारी टाकी आधी अपोलो १० साठीच बसवली होती. ती काढताना सुमारे पाच सेंटिमीटर खाली आदळली, मग दुरुस्त होऊन अपोलो १३ च्या वाट्याला गेली.

राहिला रशियाला हरवण्याचा मुद्दा. इथे तारखा पाहाव्यात. चंद्रावर उतरण्याचे यान १९६८ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात आले ते दोषांची यादी घेऊन. ते वर्षअखेरीपर्यंत तयार होत नाही, हे दिसत होते. पृथ्वीच्याच कक्षेत त्याची वाट पाहत बसायचे, की तोवर त्याच्याशिवाय चंद्राच्या कक्षेतले धडे घेऊन मोकळे व्हायचे? अपोलो यानाच्या कामाचे व्यवस्थापक जॉर्ज लो यांनी दुसरा पर्याय ९ ऑगस्ट १९६८ रोजी सकाळी ह्यूस्टनमध्ये वरिष्ठांपुढे मांडला आणि त्याच दिवशी मंडळी विमानाने हंट्सव्हिलला जाऊन वेर्नर फॉन ब्राउन यांच्याशी बोलली. नासाचे प्रमुख जेम्स वेब त्या महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ परिषदेसाठी व्हिएन्नात होते. विक्रम साराभाई ज्या परिषदेचे वैज्ञानिक अध्यक्ष होते, तीच ही परिषद. अंतराळाचा शांततामय वापर कसा करावा याची चर्चा तिथे सुरू असताना, चंद्राकडे माणसे धाडायची ही बातमी वेब यांच्या कानावर पडली. त्यांना ती अजिबात रुचली नाही. पुढे अपोलो ७ ने ऑक्टोबरमध्ये अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून यान धड असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे १२ नोव्हेंबरला निर्णय जाहीर झाला.

रशियाचे झोंड ५ कासवे घेऊन चंद्राला वळसा घालून आले ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे लो यांच्या प्रस्तावानंतर महिन्याहून अधिक काळाने. रशिया वर्षअखेरीस असे काही करील, अशी कुणकुण अमेरिकी गुप्तचरांना आधीच होती, हेही खरे. शर्यत कोणाच्याच डोक्यात नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण नुसती शर्यतच जिंकायची असती, तर एक वळसा पुरे होता. कक्षेत शिरण्याचा, दहा फेऱ्यांचा, इंजिन दोनदा पेटवण्याचा उपद्व्याप कशाला? शिवाय अमेरिकेने उड्डाणाचा दिवस धरला २१ डिसेंबर, आणि रशियाला सोयीची वेळ महिन्याच्या सुरुवातीलाच येत होती. २१ तारीख निवडली, कारण त्यानंतर यान चंद्रापाशी पोहोचेल तेव्हा प्रशांत समुद्र म्हणवल्या जाणाऱ्या मैदानावर सकाळचे तिरपे ऊन असेल आणि पुढे उतरायची जागा लांब सावल्यांत कशी दिसते ते पाहता येईल. ज्याला फक्त प्रतिस्पर्ध्याला हरवायचे आहे, तो सावल्यांचा कोन मोजत बसत नाही.

रशियाचे म्हणाल, तर झोंड ६ नोव्हेंबरमध्ये चंद्राला वळसा घालून आले खरे. पण परतताना त्याच्या कोठडीतली हवा निघून गेली आणि शेवटी छत्रीने दगा दिल्याने ते आदळले. त्यात माणसे नव्हती, हे नशीब.

तिसरा आक्षेप घेणाऱ्यांत मोठी माणसे होती. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेचे संचालक सर बर्नार्ड लॉव्हेल, म्हणजे अपोलो ८ च्या लॉव्हेल यांचे आडनावबंधू, यांचे जाहीर म्हणणे होते की चंद्राची माहिती यंत्रे आणू शकत असताना माणसांचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. नकाशापुरते त्यांचे बरोबर होते. १९६६-६७ मध्ये पाच लूनार ऑर्बिटर यानांनी चंद्राचा जवळजवळ ९९ टक्के पृष्ठभाग टिपून ठेवला होता. चंद्राच्या काही मैदानांखाली जड द्रव्य दडलेले आहे आणि त्याच्या ओढीने यानांच्या कक्षा बिघडतात, हेही पॉल म्यूलर आणि विल्यम स्योग्रेन यांनी याच यानांच्या मार्गावरून ताडले होते.

पण अपोलो ८ नकाशा काढायला गेलेच नव्हते. माणूस, यान, गणकयंत्र आणि पृथ्वीवरचा कक्ष ही सगळी मोट तिथे बांधलेली राहते का, हे पाहायचे होते. ती कुठे कुठे सुटते ते यंत्राने सांगितले नसते. जाताना बोरमनना उलट्या आणि जुलाब झाले. वजनरहित अवस्थेत ते काय प्रकरण असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. पाचपैकी तीन खिडक्या धुरकटल्या. परतीच्या वाटेवर थकलेल्या लॉव्हेलनी गणकयंत्राला एका ताऱ्याचा क्रमांक द्यायचा, त्याऐवजी ०१ या आज्ञावलीचा क्रमांक दाबला. झाले, यान अजून उड्डाणतळावर उभे आहे अशी गणकयंत्राची समजूत झाली आणि दिशांची सगळी आठवण पुसली गेली. लॉव्हेलनी व्याध आणि राजन्य हे तारे हेरून यानाचा रोख पुन्हा हाताने बसवला. सोळा महिन्यांनी अपोलो १३ च्या गोंधळात हाच माणूस दिशा जुळवत होता.

मग येते ते चित्र. चंद्राच्या करड्या क्षितिजावर उगवलेली निळी पृथ्वी. इथेही आक्षेपकाच्या हातात पत्ता आहे: लूनार ऑर्बिटर १ ने २३ ऑगस्ट १९६६ रोजी चंद्राजवळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले होते. घेतले होतेच, काळेपांढरे, पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेले. ते कार्यक्रमात ठरवून घेतले होते. अँडर्सचे चित्र कार्यक्रमात नव्हते. चौथ्या फेरीत बोरमन यान वळवत असताना खिडकीत अचानक पृथ्वी आली आणि अँडर्सनी घाईघाईने रंगीत फिल्मची मागणी केली. ती फिल्म भरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या फोटोचे श्रेय बरीच वर्षे बोरमनही स्वतःकडे घेत. यानातल्या संवादांच्या ध्वनिफिती आणि चंद्राचे नकाशे ताडून पाहिल्यावर ते अँडर्सकडे गेले.

यात एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. चंद्रावर पृथ्वी उगवत नाही. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. म्हणून प्रशांत समुद्राच्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी टांगलेली दिसते. ती उगवते आणि मावळते ती फक्त चंद्राभोवती फिरणाऱ्याला. उतरलेल्या आर्मस्ट्राँगला पृथ्वी दिसली, पृथ्वीचा उदय दिसला नाही. जिला आपण ‘नुसती प्रदक्षिणा’ म्हणून हिणवतो, तिचेच ते चित्र. आता, या एका फोटोने पर्यावरणाची चळवळ जन्माला घातली असे जे म्हटले जाते, ते मात्र मान्य करण्याचे कारण नाही. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ चे. चळवळ आधीच चालू लागली होती. या फोटोने तिच्या हातात झेंडा दिला.

अपोलो १० ची अवहेलना वेगळ्या तऱ्हेची. तिच्याबद्दल एक मजेदार अफवा पसरवली जाते. स्टॅफर्ड आणि सर्नन ‘स्नूपी’ नावाच्या यानातून चंद्राच्या सुमारे १५ किलोमीटरपर्यंत खाली गेले. मोह आवरेनासा होऊन ते उतरतील, म्हणून म्हणे नासाने त्यांना परत वर यायला पुरेल एवढे इंधनच दिले नाही. सर्नन स्वतः ही थट्टा आवडीने करत आणि थट्टेचा इतिहास व्हायला वेळ लागत नाही. वर चढणाऱ्या भागात इंधन कमी भरले होते, हे खरे. पण ते अशासाठी की चंद्रावरून निघून त्या उंचीला येईपर्यंत त्या भागाचे जितके वजन उरले असते, नेमक्या तेवढ्याच वजनाने पुढच्या भेटीच्या कसरती करून पाहाव्यात. शिवाय स्नूपी उतरून परत यायला मुळातच जड होते. मुलांच्या हातचा खाऊ फडताळात कुलूपबंद करावा, तसा हा प्रकार नव्हता.

त्या १५ किलोमीटरवर स्नूपीने उतरण्याच्या रडारची चाचणी घेतली, जिथे पुढे उतरायचे त्या जागेवरून दोनदा उडून गेले, आणि वर जाताना बटनांच्या गफलतीमुळे गरगरा फिरले. सर्ननच्या तोंडून तेव्हा जे शब्द निघाले ते जगभर ऐकू गेले. परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. स्टॅफर्डनी हाताने यान सावरले. ही गफलत तिथे, प्रत्यक्ष उतरण्याच्या दोन महिने आधी घडून गेली हे बरेच झाले.

पुढे चंद्रावर उतरलेले नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन अपोलो ८ च्याच राखीव चमूत होते. लॉव्हेल यांच्या जागी मुळात मायकेल कॉलिन्स जाणार होते. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचे जाणे हुकले आणि २१ डिसेंबरला चंद्राकडे निघण्याची परवानगी त्यांनीच ह्यूस्टनमधून रेडिओवर दिली. दोन दिवसांनी, अपोलो ८ अजून वाटेतच असताना, अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी आर्मस्ट्राँगना बाजूला घेऊन अपोलो ११ चे नेतृत्व देऊ केले. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी उतरण्यासाठी इंजिन पेटवले ते चंद्रापासून सुमारे १५ किलोमीटरवर, स्नूपी जिथवर येऊन गेले होते त्याच उंचीवर. तिथून खाली पोहोचायला त्यांना साडेबारा मिनिटे लागली.